एर्विनचं शेवटचं पिंप

मनोरमाबाई पाटणकर तिसऱ्यांदा जर्मनीला आल्या ते साल २००७. एप्रिलचा पहिला आठवडा होता. एश्बॉर्नच्या जुन्या गल्लीत चेरीची झाडं फुलून गेली होती आणि समोरच्या घरातले एर्विन राइट्झ या जगात नव्हते.

बातमी काही नवी नव्हती. नाताळच्या तोंडावर मुलाचा, राजसचा, कराडला फोन आला होता. "आई, समोरचे आजोबा गेले. झोपेतच." त्या संध्याकाळी मनोरमाबाईंनी देवापुढे एक वात जास्तीची लावली. पण फोनवर ऐकणं वेगळं आणि ते फाटक डोळ्यांनी बघणं वेगळं. फाटकाला टेकून पाइप ओढणारा तो उंच, वाकलेला म्हातारा तिथं नव्हता. सामान वर नेण्याआधीच त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि त्याच्या बायकोचे, राइट्झबाईंचे, दोन्ही हात हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. बोलायला भाषा होतीच कुठं? मनोरमाबाईंचं जर्मन म्हणजे चार नामं आणि एक हसू. राइट्झबाईंना मराठी यायचं कारण नव्हतं, आणि इंग्रजी दोघींचंही सारखंच मोडकं.

तरीही या दोघींचं जमलं होतं, आणि ते एका वेणीमुळे.

मनोरमाबाई पहिल्यांदा आल्या त्या २००५ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी त्यांचे यजमान, दत्तात्रय, वारले होते. "तीन महिने तरी ये, घरात एकटी बसू नकोस," म्हणून राजसनं हट्ट धरला. राजस एश्बॉर्नच्याच एका ऑफिसात, सून वैभवी फ्रँकफर्टच्या बँकेत. दोघं सकाळी सातच्या एस-बान लोकलला पळायची ती दिवे लागल्यावर परतायची. आल्यापासून आठवडाही झाला नसेल, मनोरमाबाई कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरल्या आणि बर्फावरून घसरून उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर आलं. डाव्या हातानं जेवता येत होतं, देवपूजा उरकता येत होती; वेणी मात्र घालता येईना. साठी उलटली तरी केस कमरेपर्यंत होते. सकाळच्या गडबडीत सुनेला थांबवायचा संकोच, म्हणून त्या दिवसभर केस मोकळे घेऊन बसत आणि आरशात बघायचं टाळत.

राइट्झबाईंना हे समोरच्या खिडकीतून दिसलं असावं. एका सकाळी घंटी वाजली. दारात त्या, हातात कंगवा. एक शब्द न बोलता त्यांनी मनोरमाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि शाळकरी मुलीची घालतात तशी घट्ट, डोळे ताणले जातील अशी वेणी घातली. पुढं प्लास्टर निघेपर्यंत रोज आल्या. नवरा गेल्यापासून मनोरमाबाईंच्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. त्या पहिल्या दिवशी राइट्झबाई गेल्यावर त्या बराच वेळ रडल्या, आणि मग उठून चहा केला. हे उपकार कसे फेडायचे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून होता.

दुसरी खेप २००६ च्या सप्टेंबरातली, नातवाच्या, मल्हारच्या, जन्माची. त्या वेळी त्यांना एर्विनचं तळघर बघायला मिळालं.

फ्रँकफर्टच्या आसपास सफरचंदाची दारू घरोघर करतात. तिकडचे लोक तिला एबलवोय म्हणतात. चवीला आंबट, साधी. बायाबापड्याही जेवणाबरोबर घेतात. जवळच्या क्रोनबर्गच्या उतारावर एर्विनची सफरचंदाची झाडं होती. फळं आली की तो ती स्वतः दळायचा, पिळायचा आणि तळघरातल्या लाकडी पिंपांत रस भरायचा. पुढचं काम पिंपाचं. या सगळ्यात तो कोणाला हात लावू देत नसे. बायकोनं फळं वेचावीत, पेले धुवावेत. पिंपाच्या जवळपास यायचं नाही.

मनोरमाबाई तिथं पोचल्या त्या अपघातानंच. राइट्झबाईंना बाळंतिणीच्या लाडवांचा डबा द्यायला गेल्या, तर तळघराच्या दारातून उग्र धूर येत होता. कुठं पेटलं की काय म्हणून त्या खाली धावल्या. एर्विन रिकाम्या पिंपापाशी उभा होता. गंधकाची पिवळी पट्टी पेटवून, तारेला लटकवून त्यानं पिंपात सोडली होती आणि भोकाला बोळा घालून धूर आत कोंडला होता. मनोरमाबाईंना बघून तो रागावला नाही. हातवारे करून त्यानं समजावलं: धूर दिला की बुरशी नाही, किडा नाही, रस बिघडत नाही.

मनोरमाबाईंचा चेहरा उजळला. हे तर त्यांच्या घरचंच शास्त्र. कराडला उन्हाळ्यात अर्ध्या आळीचं लोणचं त्यांच्या ओसरीवर पडायचं. बरण्या धुऊन, उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर उपड्या धरायच्या. धुरी कोंडली की झाकण लावायचं. धुरी न दिलेल्या बरणीत त्यांच्या सासूबाईंनी कधी मिठाचा खडासुद्धा ठेवला नसता. हे सगळं त्यांनी मराठीत, इंग्रजीत आणि दोन्ही हातांनी एर्विनला सांगितलं. त्याला किती कळलं देव जाणे. पण तो मान डोलावत म्हणाला, "या, या. गेनाऊ." म्हणजे हो, हो, बरोब्बर. मनोरमाबाईंना वाटलं, चला, माणसं सगळीकडं सारखीच.

त्या धुरी दिलेल्या पिंपावर एर्विननं खडूनं मोठ्ठा '५०' काढला होता. का, ते राइट्झबाईंनी नंतर राजसकरवी सांगितलं. त्यांचं लग्न १९५७ च्या फिंग्स्टनला झालं. फिंग्स्टन म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण. दिवस ओढगस्तीचे, शॅम्पेन कुठून आणणार? एका काकानं घरचीच एबलवोय बाटल्यांत भरून फेसाळ केली होती. झाकण उघडलं की फस्सकन वर येणारी. ती चव राइट्झबाईंच्या जिभेवरून गेली नव्हती. दर वर्षी त्या नवऱ्याला म्हणत, एकदा तशी कर. एर्विनला फेसाचा तिटकारा. पोटात वाराच भरायचा असेल तर सायकलचा पंप पडलाय, म्हणायचा. फारच मागं लागल्या की म्हणायचा, पन्नासाव्याला बघू. आणि पन्नासावं जवळ आलं तेव्हा कोणी आठवण न करता त्यानं एक पिंप बाजूला काढलं, त्यावर खडूनं लिहिलं, आणि सहा महिने आधीच निघून गेला.

तर २००७ च्या एप्रिलात ते पिंप तसंच तळघरात होतं. रस आंबून, निवळून तयार होता. राइट्झबाईंची मुलगी, ऊटे, ब्राउनश्वाइगला असायची. तिनं आईला आपल्याकडं न्यायचं ठरवलं होतं. घर उन्हाळ्यात विकलं जाणार, झाडं घराबरोबर जाणार. पिंपं एर्विनचा जुना सोबती हेल्विग नेणार होता. हा हेल्विग गल्लीच्या टोकाला राहायचा आणि चाळीस वर्षं एर्विनच्या एबलवोयला नावं ठेवत ती पीत आला होता. राइट्झबाईंनी सगळ्याला मान हलवली, पण '५०' लिहिलेल्या पिंपाला हात लावू दिला नाही. फिंग्स्टनच्या सोमवारी अंगणात माणसं बोलवायची, लग्नाचा पन्नासावा दिवस करायचा आणि त्या पिंपातली फेसाळ एबलवोय प्यायची, हे त्यांनी पक्कं केलं होतं. एर्विननं त्यांच्यासाठी केलेली ती शेवटची गोष्ट होती. ती साधली तर साधली. पुन्हा ते पिंप भरणारं कोणी नव्हतं.

फेस आणायची रीत त्यांना माहीत होती. पिंपातली निवळ काढायची, मापून थोडी साखर विरघळवायची, चिनी मातीच्या झाकणाच्या, तारेनं आवळायच्या जाड बाटल्यांत भरायची. बाटलीत ती पुन्हा थोडी आंबते आणि वारा आतच कोंडतो. साखर जास्त पडली तर बाटल्या फुटतात, म्हणून ते काम हेल्विगनं अंगावर घेतलं. राहिलं बाटल्या धुणं. एर्विनच्या बाटल्या वर्षानुवर्षं तळघरात धूळ खात पडलेल्या, क्रेटच्या क्रेट. राइट्झबाईंची कंबर धरलेली, त्यात बर्चच्या झाडांच्या फुलोऱ्यानं नाक आणि डोळे गळत होते.

मनोरमाबाईंनी पदर खोचला. "बाटल्या मी," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "सगळ्या. तुम्ही डॉक्टर."

घरी राजसनं गंमत केली. "आई, कराडला कळलं की तू दारूच्या बाटल्या धुतेस, तर?"

"कळू दे की. धुतल्या म्हणून कोणी पिणारी होत नाही."

राइट्झबाई डॉक्टरकडं गेल्या, मल्हार दुपारचा झोपला, वैभवी त्या दिवशी घरी होती. आणि मनोरमाबाईंनी अंगणात नळाशी बैठक मारली. ब्रशनं, गरम पाण्यानं, सोड्यानं त्यांनी एकेक बाटली अशी घासली की काच दिसेनाशी व्हावी. मग त्या उन्हात ओळीनं मांडल्या. वाळल्या. आणि तिथं त्यांना आठवलं की एर्विन पिंपाला धुरी देऊन गेला, पण बाटल्यांना धुरी देणारा आता कोणी नाही. एका माणसाचं काम अर्धं राहिलंय, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. विचारायला राइट्झबाई नव्हत्या. आणि धुरी द्यायची का, हे काय विचारायचं असतं?

एर्विनच्या शेगडीतला कोळसा मिळाला. हिंगाची डबी त्यांनी कराडहून येताना आणलीच होती; हिंग चांगल्या जातीचा, खड्याचा. निखाऱ्यावर चिमूट टाकायची, बाटली उपडी धरायची, धूर भरला की सुलटी करून तार आवळायची. वास असा घमघमला की त्यांना माहेरची ओसरी आठवली. निम्म्या बाटल्या झाल्या आणि डबी संपली. उरलेल्या बाटल्यांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली आणि त्या तशाच झाकून क्रेटमध्ये ठेवल्या. जिथं जागा मिळाली तिथं.

दुसऱ्या दिवशी भरणं झालं. हेल्विग साखर मोजत होता, राइट्झबाई नळी धरत होत्या, मनोरमाबाई झाकणं आवळत होत्या. राइट्झबाईंचं नाक बंदच होतं. हेल्विगच्या मिशीत जन्मभराचा तंबाखू मुरलेला. मनोरमाबाईंना हिंगाचा वास आला, पण हिंगाचा वास म्हणजे त्यांच्या लेखी स्वच्छतेचा वास. भरलेल्या बाटल्या थोडे दिवस बॉयलरपाशी उबेला आणि मग तळघराच्या गारव्याला गेल्या. राइट्झबाई शेवटच्या क्रेटवर हात ठेवून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. ते आपल्याला नव्हतं, एर्विनला होतं, हे मनोरमाबाईंना भाषा न येताही कळलं.

फिंग्स्टनला आठवडा उरला असताना राइट्झबाईंनी एक बाटली राजससाठी पाठवली: चाखून बघा, फेस धरलाय का. राजसनं जेवणाच्या टेबलावर तार सोडली. फस्सकन आवाज झाला, पांढरा फेस गळ्याशी आला, मनोरमाबाईंनी टाळी वाजवली. राजसनं पेला नाकाशी नेला आणि तसाच थांबला. मग त्यानं तो वैभवीच्या पुढं केला.

"म्हणजे बघ," वैभवी पेला हुंगून म्हणाली, "मला सांबाराचा वास येतोय. मलाच येतोय का?"

"सांबार नाही. हिंग," राजस म्हणाला. त्यानं आईकडं बघितलं. "आई?"

मनोरमाबाईंनी सांगितलं. सांगताना पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की लोणच्याच्या बरणीत हिंग शोभतो, कारण लोणच्यात हिंग असतोच. किती बाटल्यांना दिली, विचारलं तर निम्म्या. कुठल्या, विचारलं तर सांगता येईना. उघडून बघावी तर वारा निघून जाणार, फेस मरणार. म्हणजे न उघडता कळायचं नाही आणि उघडली की उरायची नाही.

"आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका," वैभवी म्हणाली. "राजस जाऊन नीट जर्मनमध्ये समजावेल. दुकानातून फेसवाली दुसरी आणू वाटल्यास."

"दुसरी आणून काय करायची?" मनोरमाबाई म्हणाल्या. "ती एर्विननं केलेली असणारे का? आणि राजसनं कशाला जायचं? हिंग मी टाकला."

सकाळी ती उघडलेली बाटली घेऊन त्या एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या. राइट्झबाईंचं नाक तोवर मोकळं झालं होतं. त्यांनी बाटली हुंगली, पुन्हा हुंगली आणि खुर्चीवर बसल्या.

"हे काय आहे?"

मनोरमाबाई रात्रभर जुळवलेलं जर्मन विसरून गेल्या. "एर्विन पिंप धूर," त्या म्हणाल्या. "मी बाटली धूर. आमच्याकडं तसंच. बिघडू नये म्हणून."

"एर्विननं तुम्हाला दाखवलं? पिंप?"

"दाखवलं."

राइट्झबाईंचा चेहरा असा काही झाला की मनोरमाबाईंना वाटलं, त्यांनी ओरडावं तरी. "मला पन्नास वर्षांत कधी दाखवलं नाही," राइट्झबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि तुम्ही. मला विचारायचं तरी होतं. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडं." मग त्या उठल्या, आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. पण मनोरमाबाईंना ते आपटल्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचे दिवस समोरच्या खिडकीचा पडदा बंद होता. मनोरमाबाईंचा घास तोंडात फिरायचा. मल्हारला मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसत आणि त्या पडद्याकडं बघत राहत. ज्या बाईनं पोटच्या पोरीसारखी आपली वेणी घातली, तिच्या नवऱ्याचं शेवटचं देणं आपण आपल्या हातानं नासवलं, ही टोचणी काही जाईना. राजस म्हणाला, सोड ना आई, प्रेमानं केलंस. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "प्रेमानं नासवलेलंही नासलेलंच असतं, बाबा."

फिंग्स्टनच्या रविवारी दुपारी घंटी वाजली. दारात राइट्झबाई, हातात पेले पुसायचं फडकं.

"उद्या तीन वाजता," त्या म्हणाल्या. "मला पेले पुसायला माणूस लागेल."

मनोरमाबाईंनी ते फडकं हातात घेतलं. राजस मधे पडला, त्यानं विचारलं, मग बाटल्यांचं काय ठरवलंत?

"एक उघडली, वास. दुसरी उघडली, वास नाही. दोन्ही मी एकटीनं संपवल्या." राइट्झबाईंनी खांदे उडवले. "अजून तरी मी जिवंत आहे."

"आणि पाहुण्यांना काय सांगणार?"

"जे झालं ते."

सोमवारी अंगणात लांब टेबलं लागली. माणसं फार नव्हती: गल्लीतले म्हातारे, एर्विनचे बागेतले दोस्त, ब्राउनश्वाइगहून आलेली ऊटे, आणि हे पाटणकरांचं घर. टेबलावर निळ्या नक्षीच्या करड्या सुरया होत्या, पाव होता, कांद्यात मुरवलेलं ते वासाचं चीज होतं जे तिकडं एबलवोयबरोबर खातात. मनोरमाबाई पांढरी सुती साडी नेसून एका कोपऱ्यात पेले पुसत उभ्या होत्या. इतके पुसले होते की पुसायला पेला उरला नव्हता, तरी पुसत होत्या.

पहिली बाटली उघडायचा मान हेल्विगचा. तार सुटली, फस्स झालं, फेस त्याच्या बोटांवरून वाहिला आणि टेबलाभोवतीची सगळी म्हातारी माणसं पोरांसारखी हसली. राइट्झबाई हसल्या नाहीत. त्या त्या फेसाकडं बघत होत्या, आणि मनोरमाबाई त्यांच्याकडं.

हेल्विगनं पेला नाकाशी नेला. मिशी हलली.

"इर्मगार्ड," तो राइट्झबाईंकडं बघून सावकाश म्हणाला, "ह्यात एर्विननं लसणाचं सॉसेज ठेवलं होतं का?"

कोणी हसलं नाही. मनोरमाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. राइट्झबाई उठल्या. भाषण करायची त्यांना सवय नव्हती. त्या जे बोलल्या ते राजसनं आईच्या कानाशी मराठीत सांगितलं.

"सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या, "एर्विन आपल्या पिंपाला कोणाला हात लावू द्यायचा नाही. मलासुद्धा. या वर्षी तो नव्हता आणि माझी कंबर चालेना. तेव्हा एकीनं या सगळ्या बाटल्या आपल्या हातानं घासल्या. आणि त्यांच्या देशात वर्षाचं अन्न बिघडू नये म्हणून जो धूर देतात, तो दिला. निम्म्या बाटल्यांना वास आहे, निम्म्यांना नाही. कुठल्या, ते तिलाही ठाऊक नाही. माझी मैत्रीण आहे ती. मनोरमा. आता ज्याला प्यायची त्यानं प्यावी, नको त्याला नळाचं पाणी आहे."

इतक्या दिवसांत त्यांनी मनोरमाबाईंना नावानं हाक मारली ती हीच पहिल्यांदा. तोवर फ्राऊ पाटणकर आणि फ्राऊ राइट्झ असंच चालत आलं होतं.

हेल्विगनं पेल्याकडं बघितलं आणि एक मोठा घोट घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडं. "चाळीस वर्षं मी म्हणत होतो, एर्विनच्या एबलवोयला कसलाच वास नसतो," तो म्हणाला. "शेवटी कोणीतरी ऐकलं."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. दुसरी बाटली उघडली, ती निर्मळ निघाली. "एर्विन!" कोणीतरी ओरडलं. तिसरी उघडली, तिच्यातून हिंग दरवळला, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आलं, "मनोरमा!" झालं, खेळच सुरू झाला. झाकण उघडायच्या आधी माणसं पैज लावू लागली. एर्विन की मनोरमा? हुंगायचं आणि नाव पुकारायचं. थोड्या वेळानं एका आजीबाईंनी शोध लावला की त्या कांद्यातल्या चीजबरोबर मनोरमाच चांगली लागते, आणि मग तर चीजच्या टोकाला 'मनोरमा इकडं द्या' अशी मागणी सुरू झाली. वैभवीनं तोंडावर हात धरला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राइट्झबाईंनी एक बाटली स्वतःसाठी बाजूला ठेवली होती. ऊन कलल्यावर त्यांनी ती उघडली, दोन पेल्यांत ओतली आणि एक पेला घेऊन मनोरमाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. फेस चढून हळूहळू खाली बसला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला.

"एर्विन?" मनोरमाबाईंनी भीत भीत विचारलं.

"थोडा एर्विन, थोडी तू." राइट्झबाईंनी डोळे उघडले. "फेस मात्र तसाच आहे. काकाच्या बाटलीतला. वचन त्यानं दिलं होतं, पुरं करायला तू लागलीस."

मनोरमाबाई जन्मात दारूला शिवल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही त्यांनी पेला ओठाला लावला नाही. पण राइट्झबाईंच्या पेल्यातले चार थेंब त्यांनी उजव्या हाताच्या तळव्यावर घेऊन तोंडात टाकले, तीर्थ घेतात तसे, आणि ओला हात कपाळावरून मागं केसांवर फिरवला. मग राइट्झबाईंचा हात धरून त्या कराडच्या मराठीत बोलल्या. तुमचे उपकार आहेत, म्हणाल्या. मी फेडणार होते, ते आणखीच वाढवून बसले. राजस भाषांतर करायला पुढं आला, तर राइट्झबाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

जूनच्या अखेरीस व्हिसा संपला आणि मनोरमाबाई परत गेल्या.

राइट्झबाई ठरल्याप्रमाणे ऑगस्टात ब्राउनश्वाइगला मुलीकडं गेल्या. तिथं त्यांना बाल्कनी मिळाली, बाग नाही. त्याची त्या तक्रार करत राहिल्या आणि नऊ वर्षं छान जगल्या. दर महिन्याला कराडला फोन यायचा. बोलणं फार होत नसे. हवा कशी आहे, पोरं कशी आहेत, आणि मग दोघी नुसत्याच थोडा वेळ फोन धरून बसत. त्या गेल्या तेव्हा ऊटेनं राजसला कळवलं, आणि मल्हारच्या नावे त्यांच्या लग्नातल्या पेल्यांची जोडी पाठवली.

हेल्विगनं पिंपं नेली आणि मरेपर्यंत दर वर्षी थोडी एबलवोय फेसाळ करत राहिला. वर, आपल्याला फेस आवडत नाही, असं सांगतही राहिला. घर घेणाऱ्या तरुण जोडप्यानं क्रोनबर्गच्या उतारावरची झाडं तोडली नाहीत. राजस आणि वैभवी एश्बॉर्नहून फ्रँकफर्टला गेले, तिथंच घर घेतलं. मल्हार मराठी समजून घेतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो. आजीशी बोलताना मात्र चुकतमाकत मराठीतच बोलतो.

मनोरमाबाई कराडलाच आहेत. लोणच्याचं काम आता पुतण्याची बायको बघते. तिनं एकदा विचारलं की बरण्यांना धुरी द्यायलाच हवी का, नुसत्या गरम पाण्यानं धुतल्या तर चालणार नाहीत का. मनोरमाबाई म्हणाल्या, बरणी कोणाची आहे ते आधी विचारत जा. आपली असेल तर खुशाल दे.